गोदाम, कंटेनर आणि कांद्याची थप्पी

वीकेंडला काय प्लॅन? लोणावळा झालं, अलिबाग झालं, कर्जतच्या फार्महाऊसवर पावसात भिजून भजी खाऊन झाली. तेच धबधबे, तेच मॅगी पॉइंट आणि परतताना तोच ट्रॅफिक... बोअर नाही झालात? मग या वेळी माझं ऐका. भिवंडीला चला!

हसू नका, मी सिरियसली सांगतेय. रात्री अकरा वाजता तुम्ही मोबाइलवर बोट टेकवता आणि पंधरा मिनिटांत दारात कोथिंबिरीची जुडी, फोनचा चार्जर आणि आइस्क्रीमचा डबा हजर होतो. आपल्याला ऐकू येते ती फक्त बेल. त्या बेलच्या मागे जे काही लांबलचक प्रकरण आहे, त्याला म्हणायचं सप्लाय चेन. मराठी पुस्तकात पुरवठा साखळी. आणि हल्ली ती चक्क कॉलेजात शिकवतात. दोन वर्षं, फी लाखांत, शेवटी एमबीए.

माझा धाकटा मावसभाऊ हेच शिकतोय. मेकॅनिकल इंजिनीअरिंग, मग दोन वर्षं नोकरी, मग कॅट, मग एज्युकेशन लोन आणि आता मुंबईतल्या एका मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमध्ये ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन. नातेवाइकांना तो ‘एमबीए करतोय’ इतकंच सांगतो. कारण पुढचं सांगितलं की हमखास प्रश्न येतो, ‘म्हणजे कुरियरमध्ये का रे?’

गंमत अशी, की त्याचे वडील, म्हणजे माझे काका, वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी कामगार आहेत. पाटण तालुक्यातून आलेले, तीस वर्षांच्या वर गोण्या वाहिलेले. कोपरखैरण्यातल्या एकाच घरात बापलेक राहतात आणि दोघंही माल इकडून तिकडे कसा जातो याच धंद्यात आहेत. पण जेवताना या विषयावर एक अक्षर बोलणं होत नाही. तेव्हा मी ठरवलं, की पोराचा सिलॅबस फिरून यायचा. पुस्तकं वाचून नाही, पायी, बसने आणि लोकलने. तीन-चार शनिवार-रविवार गेले, पण पैसा वसूल!

वर्गात बीअर!

सुरुवात वर्गातून झाली. शनिवारी दुपारी सर म्हणाले, आज बीअर गेम. मी टुणकन सरळ बसले. पण टेबलावर आलं काय, तर कागद, पेन्सिली आणि प्लास्टिकच्या चकत्या. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर आणि त्यांच्या मंडळींनी हा खेळ तयार केला आणि आजही जगभरच्या सप्लाय चेनच्या वर्गांत तो खेळला जातो. एका ओळीत चार जण बसतात. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. दर फेरी म्हणजे एक आठवडा. दुकानदाराला गिऱ्हाइकाची मागणी कळते, त्याने मागच्याला ऑर्डर द्यायची, मागच्याने आणखी मागच्याला. माल यायला दोन आठवडे लागतात. आणि मुख्य नियम म्हणजे एकमेकांशी बोलायचं नाही. माल पडून राहिला तर दंड, कमी पडला तर दुप्पट दंड.

पहिली चार फेऱ्या सगळं निवांत. दर आठवड्याला चार पेट्या हव्यात, चार पेट्या येतायत. मग दुकानदार झालेल्या मुलीने पुढची चिठ्ठी उलटली आणि भुवया उंचावल्या. तिने ऑर्डर वाढवली. माल लगेच आला नाही, म्हणून आणखी वाढवली. मागचा घाबरला, त्याने आणखी. कारखान्याच्या खुर्चीत बसलेला आमचा पठ्ठ्या तर एका फेरीला चाळीस पेट्या बनवायला निघाला. चारपाच फेऱ्यांनंतर हे सगळं एकदम येऊन आदळलं. प्रत्येकाकडे पेट्यांचा डोंगर, ऑर्डर शून्य, दंडाचा आकडा बघवेना. मग सरांनी कारखान्याला आणि वितरकाला विचारलं, गिऱ्हाइकाने काय केलं असेल, आलेख काढा. दोघांनीही समुद्राच्या लाटा काढल्या. सरांनी खरा आकडा दाखवला. पाचव्या आठवड्याला मागणी चारची आठ झाली होती आणि शेवटपर्यंत आठच होती. लाटबिट काही नव्हती. लाट यांनीच तयार केली होती!

याला म्हणतात बुलव्हिप इफेक्ट. आसूड हातात धरून मनगट जरासं हलवलं, की टोक कसं सपकन लांब जातं, तसं. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला हे लहान मुलांच्या डायपरच्या बाबतीत जाणवलं होतं. बाळं काय, वर्षभर सारखीच शू करतात. मग कारखान्याकडे येणाऱ्या ऑर्डरी एवढ्या वरखाली का? स्टॅनफर्डच्या हाऊ ली यांनी सहकाऱ्यांसोबत १९९७ मध्ये यावर लिहिलं आणि हा शब्द अभ्यासक्रमात कायमचा बसला. कोव्हिडच्या काळात आपण सगळ्यांनी सॅनिटायझर आणि आट्याच्या पिशव्या घरात भरल्या होत्या ना? तेव्हा आपण सगळे हाच खेळ खेळत होतो, फक्त दंड वेगळा होता.

विषय तसा तरुण आहे. ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हा शब्दप्रयोग कीथ ऑलिव्हर नावाच्या कन्सल्टंटने १९८२ मध्ये वापरला, म्हणजे आपल्यातल्या काहींच्या मोठ्या भावंडांच्या वयाचा. साध्या माणसांपर्यंत तो पोहोचला मार्च २०२१ मध्ये, ‘एव्हर गिव्हन’ नावाचं चारशे मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं तेव्हा. सहा दिवस जगाचा माल ताटकळला. आमचा पठ्ठ्या म्हणतो, त्या आठवड्यात पहिल्यांदा मावशीने, म्हणजे माझ्या आईने, त्याला फोन करून विचारलं, ‘अरे, तू जे शिकणार म्हणतोस ते हेच का?’

मुंबईत या विषयाचं माहेरघर म्हणजे पवई. विहार तलावाला खेटून असलेली ‘नीटी’ ही संस्था १९६३ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिचं आयआयएम मुंबई झालं. तिथल्या मुलांचा ‘मंडी’ नावाचा एक प्रकार मला फार आवडतो. उद्याचे मॅनेजर शहराच्या रस्त्यांवर उभे राहून शैक्षणिक खेळणी विकतात. घासाघीस, हुज्जत, गिऱ्हाईक तोंड फिरवून जाणं, सगळं अनुभवायचं. आणि हो, डबेवाल्यांशिवाय सप्लाय चेनचा वर्ग पूर्ण होतच नाही. १८९० पासूनची सेवा, २००३ मध्ये भेटायला आलेले प्रिन्स चार्ल्स, २०१० मधली हार्वर्डची केस स्टडी, हे सगळं खरंच. पण ‘सिक्स सिग्मा’चं जे बिरुद आपण अभिमानाने मिरवतो, ते ‘फोर्ब्स’मधल्या १९९८ च्या एका लेखानंतर चिकटलेलं आहे, कुणी परीक्षा घेऊन दिलेलं सर्टिफिकेट नव्हे. डब्यावरच्या रंगीत खुणा बघितल्यावर कुणाला सर्टिफिकेट हवंय म्हणा! मला खटकतं ते एवढंच, की डबेवाल्यांचं कौतुक करताना त्यांना महिन्याला किती मिळतात ही स्लाइड कधी येत नाही.

जकात गेली, गोदामं राहिली

तर, भिवंडी. ट्रेनने जायचं तर वसई-दिवा मार्गावर भिवंडी रोड नावाचं स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्या. आम्ही ठाण्याहून शेअर रिक्षा आणि मग एका टेम्पोवाल्याच्या कृपेने पोहोचलो. भिवंडी म्हटलं की आपल्याला यंत्रमाग आठवतात. खटखटखट आवाज, सुताचा वास. तो गावात. पण गावाबाहेर, काल्हेर, कशेळी, राहनाळ, पूर्णा, दापोडे, मानकोली या पट्ट्यात वेगळंच शहर आहे. त्या शहरात घरं नाहीत, नुसती गोदामं. पत्र्याची, मग त्यापेक्षा उंच पत्र्याची, मग काचेची केबिन असलेली चकाचक. मैलोन्‌मैल. गुगल मॅपवर वरून बघितलं तर निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची गोधडी.

इथेच का? आमच्या पठ्ठ्याला हे तोंडपाठ. मुंबईत माल आणायचा तर जकात भरावी लागायची. मुलुंड, दहिसर, वाशीच्या नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा तुमच्यापैकी पंचविशी ओलांडलेल्यांना आठवत असतील. मग व्यापाऱ्यांनी डोकं लढवलं. माल हद्दीबाहेर ठेवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा. भिवंडी हद्दीच्या जेमतेम बाहेर, नाशिक हायवेवर, गुजरातकडे जायला सोपी, न्हावाशेवाही आवाक्यात. भातशेतीची जमीन स्वस्त होती. गावच्या आगरी कुटुंबांनी खाचरांवर गोदामं बांधली, भाड्याने दिली, काहींनी ट्रक घेतले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. तर्काने गोदामंही जायला हवी होती ना? उलट वाढली! आधी प्रत्येक राज्यात करासाठी वेगळं छोटं गोदाम ठेवावं लागायचं, आता ती गरज उरली नाही. कंपन्यांनी दहा छोटी बंद करून एक अवाढव्य घ्यायला सुरुवात केली. त्यात ऑनलाइन शॉपिंगची भर. करासाठी वसलेलं गाव कर गेल्यावर जास्तच फोफावलं. मला ही गोष्ट कुठल्याही किल्ल्याच्या इतिहासापेक्षा भारी वाटते.

पठ्ठ्याचा समर प्रोजेक्ट इथल्याच एका गोदामात चालू होता. कंपनीचं नाव लिहू नको, अशी त्याची अट. साबण, शाम्पू, बिस्किटं असा माल. आत शिरल्यावर पहिल्यांदा मान वर जाते. बारा मीटर उंच छत आणि तिथपर्यंत गेलेले लोखंडी रॅक. जमीन इतकी सपाट आणि गुळगुळीत, की सांडलेलं पाणीही कुठे जायचं ते ठरवू शकत नाही. फोर्कलिफ्टवाला पॅलेट उचलून आठव्या मजल्यावर ठेवतो, सर्कसमधल्या सफाईने. पोरं-पोरी हातात स्कॅनर घेऊन गल्लीबोळांतून भराभर चालतात, टिक् टिक् आवाज करत. बिस्किटांच्या शेजारी साबण ठेवायचे नाहीत, कारण वास लागतो. जो माल जास्त खपतो तो दाराजवळ, जो पडून राहतो तो लांब. आपल्या आजीच्या फडताळाचा नियम, फक्त सॉफ्टवेअरमध्ये घातलेला.

पण दारापाशी गेलात की चित्र बदलतं. तिथे बत्तीस फुटी ट्रक उभा, आत खचाखच सुटे खोके. आणि ते उतरवतात माणसं. एक आत चढतो, दुसऱ्याकडे फेकतो, दुसरा तिसऱ्याकडे. मे महिन्यात त्या पत्र्याच्या पेटीत पाच मिनिटं उभं राहून बघा. मी राहिले. बाहेर आले तेव्हा कुर्ता पिळता आला असता. मुलं कुठली? सिद्धार्थनगर, गया, गंजाम. वय वीस-बावीस. ठेकेदाराकडे कामाला. एकाने मला विचारलं, ‘मॅडम, यूट्यूब के लिए है क्या?’

पठ्ठ्याचा प्रोजेक्ट नेमका याच दारावर होता. एक ट्रक रिकामा व्हायला त्याने मोजलं तेव्हा सरासरी तीन तास लागत होते. बाहेर पुढचे ट्रक उभे, त्यांचं भाडं चढतंय, ड्रायव्हर चाकाच्या सावलीत झोपलाय. त्याचा उपाय होता लांब होत थेट ट्रकच्या पोटात शिरणारा कन्व्हेयर पट्टा. वेळ तासावर येतो. पैसे चौदा महिन्यांत वसूल. लॅपटॉपवरची त्याची एक्सेल शीट खरंच देखणी होती. त्यात एका रकान्याचं नाव होतं ‘मनुष्यबळ बचत’. खाली आकडा २२.

‘घरी दाखवलंस?’ मी विचारलं.

‘ताई, पप्पांना एक्सेल कुठे कळतं,’ तो म्हणाला आणि चहा मागवला.

समुद्रावरून न्हावाशेवा

पुढच्या शनिवारी त्यांच्या वर्गाची इंडस्ट्रियल व्हिजिट होती. मी लेखाचं सांगून परवानगी मिळवली आणि बसमध्ये मागची सीट पटकावली. बस शिवडीहून अटल सेतूवर चढली. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल म्हणजे आपल्या पिढीचा सगळ्यात झकास शॉर्टकट. बाइकवाल्यांनो, सॉरी, तुम्हाला तिथे बंदी आहे. तुम्ही त्याच दिवशी सुरू झालेल्या लोकलने जा, उरणच्या गाडीला न्हावाशेवा नावाचं स्टेशनच आहे. पूल अर्धा झाला की उजवीकडे घारापुरी दिसतं आणि त्याच्या पलीकडे क्रेनची रांग, जिराफांचा कळप पाण्यावर आल्यासारखी.

हे जवाहरलाल नेहरू बंदर. २६ मे १९८९ ला सुरू झालं. २०२४-२५ मध्ये इथून सुमारे ७३ लाख टीईयू हलले. टीईयू म्हणजे वीस फुटी डब्याच्या मापाने केलेली मोजदाद. त्या डब्याची गोष्टही ऐका. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकवाल्याने ‘आयडियल एक्स’ नावाच्या जुन्या टँकर जहाजावर ५८ डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. हातांनी सुटा माल चढवायला टनाला जवळपास सहा डॉलर लागायचे, डब्यातून तेच काम सोळा सेंटच्या आसपास झालं. जग बदलायला हा एक फरक पुरला. तैवानचं सायकलचं चाक आणि चीनचं खेळणं आपल्या गल्लीत आलं ते या पत्र्याच्या डब्यामुळे.

बंदरात बसमधून उतरू देत नाहीत, फोटोही काढायचे नाहीत. खिडकीला नाक लावून बघायचं. क्रेन खाली येते, चार कोपरे पकडते, डबा उचलते, ट्रेलरवर ठेवते. दोन-तीन मिनिटांत एक. वर काचेच्या खोलीत एकटा माणूस, खाली ट्रेलरचा ड्रायव्हर. संपलं. वर्गातली मुलं क्रेनचा ताशी वेग लिहून घेत होती. मी माणसं शोधत होते आणि मला ती दिसत नव्हती. मुंबईच्या जुन्या गोदीत, १८८० च्या प्रिन्सेस डॉकमध्ये, हाच माल उतरवायला टोळ्याच्या टोळ्या लागायच्या. गिरण्यांवर आपल्याकडे नाटकं आली, सिनेमे आले, भरपूर लिहिलं गेलं. गोदी कामगार मात्र चुपचाप गेले. संप नाही, बॉम्ब नाही, नुसता एक डबा.

बाहेर पडताना बस जासईवरून वळली. इथे वर्ग थांबला नाही, पण मी तुम्हाला थांबवते. नवी मुंबई आणि बंदरासाठी जमिनी गेल्या तेव्हा १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची, ही योजना त्या लढ्यातून आली. शेवा कोळीवाड्यातली माणसं बंदरासाठी उठवली गेली आणि पुनर्वसनासाठी त्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. आता पालघरच्या वाढवणला याहून मोठं बंदर होतंय. जून २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. बसमध्ये एका मुलीने सरांना विचारलं, सप्लाय चेनच्या आकृतीत गाव कुठे दाखवतात? सर चांगले होते. ‘दाखवत नाहीत, दाखवायला हवं,’ म्हणाले आणि पुढच्या टर्मिनलबद्दल सांगू लागले.

पहाटेची थप्पी

शेवटची ट्रिप सिलॅबसमध्ये नव्हती. ती मी घडवून आणली. काकांना म्हटलं, तुमचं मार्केट दाखवा, आणि पठ्ठ्यालाही ओढून नेलं. पहाटे चारला. ‘ताई, मी लहानपणी डबा द्यायला जायचो, बघितलंय मी,’ त्याची कुरकुर. पण डबा द्यायला जाणं वेगळं.

वाशीच्या मार्केटला पार्टी करून परतताना कधी गेला नसाल, तर एकदा जाच. शहर झोपलेलं आणि इथे भर दुपारसारखा उजेड. भायखळ्याचा भाजीबाजार आणि क्रॉफर्ड मार्केटचा घाऊक फळबाजार १९९६ मध्ये इथे आला, कांदा-बटाटा त्याही आधी, १९८१ मध्ये. जुन्नर, नाशिक, सातारा, इंदूर, आग्रा... सगळ्या पाट्या एकाच गेटमध्ये. भाजीच्या गाळ्यांमधून चालताना मागून ‘ए बाजू, बाजू!’ असं आलं की विचार न करता बाजूला व्हायचं. डोक्यावर साठ जुड्यांचं ओझं घेतलेल्या माणसाला ब्रेक नसतात.

कांदा मार्केटमध्ये काकांची टोळी नाशिकची गाडी खाली करत होती. मी त्यांना आयुष्यभर कोपरखैरण्याच्या सोफ्यावर टीव्ही बघताना पाहिलेलं. इथले काका वेगळेच. दोघं जण गोणी उचलून पाठीवर देतात, काका गुडघ्यात जरासे वाकतात आणि वजन बसल्या क्षणी चालायला लागतात. उभं राहिलं तर जड होतं, म्हणे. ‘आमच्या येळंला शंभर किलोचं पोतं असायचं. आता पन्नासाचं. पोरं तरी कुरकुरत्यात,’ काका हसले.

मग त्यांनी थप्पी दाखवली. गोण्यांची रास म्हणजे नुसती एकावर एक रचलेली पोती नव्हे. एक थर उभा, एक आडवा, मध्ये वारा खेळायला फट. कांदा श्वास घेतो. फट चुकली तर आतला कांदा तापतो, कोंब फुटतात, दोन दिवसांत पाणी सुटतं. पावसाळी कांद्याची थप्पी बुटकी, उन्हाळ कांद्याची उंच चालते. गोणीच्या तोंडाची गाठ बाहेरच्या बाजूला, म्हणजे भाव करायला आलेल्याला हात घालून माल बघता येतो. आमचा पठ्ठ्या गप्प झाला होता. मग त्याने मोबाइल काढून भिवंडीच्या ट्रकचा व्हिडिओ काकांना दाखवला. काकांनी चष्मा वर केला, दोनदा बघितला.

‘खालचा डबा दबणार. जड माल वर टाकलाय बघ त्यानं. आन् ह्यो पोरगा पाठीत वाकतोय, ह्याची कंबर तिशीत जाणार.’

‘आम्ही तिथे पट्टा लावणार आहोत, पप्पा. मशीनचा.’

‘चांगलं हाय की. किती माणसं कमी व्हत्यात?’

पठ्ठ्याने माझ्याकडे बघितलं. ‘बावीस.’

काकांनी मान हलवली. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, ‘पट्टा येणारच. आमच्या हिथंबी येईल. पर बोर्डात नोंद हाय का त्या पोरांची?’

नव्हती. आणि इथे मला मोठ्याने सांगायला हवं, कारण तुमच्या-माझ्या शिक्षणात हे कधी आलं नाही. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी बांधलेल्या संघटनेने तो भांडून मिळवला. मालक कायम नसलेल्या, रोज वेगळ्या गाळ्यावर घाम गाळणाऱ्या हमालाची नोंद मंडळात होते. मालक मजुरी आणि वर ठरावीक लेव्ही मंडळात भरतो आणि मंडळ ती कामगाराला देतं. लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. आज इथे, उद्या तिथे काम करणाऱ्या माणसाला नोकरीसारखी सुरक्षा द्यायची असेल तर काय करावं, यावर सध्या जगभर डिलिव्हरी करणाऱ्या मुलांच्या निमित्ताने परिषदा भरतायत. आपल्याकडे हमालांनी त्याचं एक उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच शोधलं होतं. कायद्याला भोकं आहेत, नावापुरत्या टोळ्या करून वसुली करणारे आहेत, हे माथाडी स्वतःच सांगतात. पण ज्या मांडणीवर परदेशात थीसिस व्हावा, ती पठ्ठ्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात एका ओळीनेही नाही. डबेवाले आहेत. माथाडी नाहीत.

‘नोंद न्हाय तर काढून टाकलं तर मिळणार काय त्यास्नी?’ काका विचारत होते. ‘तुझी इंजिनीअरिंगची फी कशातनं भरली म्हाईत हाय का? फंडातनं काढून. घर कशातनं झालं? त्यातलंच.’

एवढं बोलून ते पुढच्या गोणीला गेले. टोळीत मजुरी सारखी वाटून घेतात, एकाने फार वेळ गप्पा मारलेल्या चालत नाहीत. आम्ही दोघं कोपऱ्यावर चहा प्यालो, कांदाभजी खाल्ली (मार्केटमध्ये जाल तर ती चुकवू नका, गरम घाण्याची वाट बघा). पठ्ठ्या मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता.

सोमवारी रिपोर्ट गेला. मी मागून घेऊन वाचला. पट्टा आहे, चौदा महिने आहेत, बावीसचा आकडा तसाच आहे. जड खोके खाली ठेवण्याबद्दल नवा परिच्छेद आहे, त्याने डॅमेज किती कमी होईल याच्या हिशोबासकट. आणि मनुष्यबळाच्या रकान्याखाली दोन ओळी वाढल्यात. या कामगारांची माथाडी मंडळात नोंदणी नाही. ती केल्यास येणारा लेव्हीचा खर्च धरला तर पैसे वसूल व्हायचा काळ खालील तक्त्याप्रमाणे बदलतो. तक्ता नीट केलेला आहे, लेव्हीचे वेगवेगळे दर धरून, कारण बरोबर दर त्याने घरी जेवताना काकांना विचारून घेतला होता.

कंपनीतल्या गाइडने मार्जिनमध्ये पिवळ्या रंगात एकच शेरा मारलाय, ‘हे आपल्या स्कोपमध्ये येतं का?’ पठ्ठ्याने उत्तर लिहून पाठवलंय. प्लेसमेंटचे इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात आहेत, आणि ही कंपनी यादीत आहे.